घडाची राखण निसवणीपासून



केळीची बाग म्हणजे वर्षभराची चाकरी. कंद किंवा रोप लावल्यापासून घड खाली उतरेपर्यंत पाणी, खत, पिलांची छाटणी, वाऱ्यासाठी टेकू, थंडीसाठी शेकोट्या, उन्हासाठी कडेची कुंपणे, एक ना दोन कामे. एवढे सगळे करून कापणीचा दिवस उजाडतो. व्यापारी बागेत येतो, दोन-चार घडांच्या फण्या उचलून पाहतो, बोटाने साल चोळतो आणि म्हणतो, "दादा, माल भरलाय चांगला, पण डागी आहे." झाले! भाव तेथेच उतरला.

मग आपण केळ सोलून दाखवतो. आत गर पांढरास्वच्छ असतो, गोडीत काही कमी नसते. पण व्यापारी गर विकत घेत नाही, तो साल पाहून घेतो. कारण पुढच्या बाजारात गिऱ्हाईकही साल पाहूनच घेणार असते. हा न्याय आपल्याला पटो वा न पटो, बाजाराची रीत अशी आहे. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातला आणि सोलापूर जिल्ह्यात करमाळा-माढा बाजूचा माल पेट्यांत भरून परदेशी जातो. पेटीत जाणाऱ्या मालाची पारख आणखी कडक असते. तेव्हा सालीवरचा डाग हा आता बागाईतदाराच्या घरखर्चाचा प्रश्न झाला आहे.

या आठवड्यात आपण सालीवर डाग पाडणाऱ्या किडींची माहिती घेऊ. त्यातही आपल्याकडे मुख्य असलेल्या फुलकिडीची.

आधी डाग ओळखा

घडावर डाग दिसला की पहिला हात पंपाकडे जातो. ही घाई करू नका. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होऊन बसेल. डाग अनेक कारणांनी पडतात, आणि त्यांतल्या निम्म्या कारणांना कोणतेही औषध लागू पडत नाही. म्हणून बागेत फिरताना डाग कोठे आहे, कसा आहे आणि हाताला कसा लागतो, या तीन गोष्टी पाहा.

१. लांबट, वेडेवाकडे, तपकिरी ओरखडे असतील आणि ते घडाच्या एकाच बाजूला असतील, तर वर पाहा. तेथे एखादे पान घडावर घासत असेल. वारा सुटला की पान कानशीसारखे चालते. येथे इलाज म्हणजे ते पान बांधणे किंवा घासणारा तेवढा भाग कापणे.

२. काळपट ओघळ असतील आणि ते वरच्या जखमेपासून खाली आले असतील, तर तो चिकाचा डाग. फणी काढताना, केळफूल मोडताना किंवा घड आपटल्यावर चीक सांडतो. तेथे दोष आपल्या हाताचा आहे, किडीचा नाही.

३. उन्हाकडच्या बाजूच्या केळ्यांवर फिकट पिवळा आणि मग काळा पडलेला चट्टा असेल, तर तो उन्हाचा चटका. उन्हाळ्यात दक्षिण-पश्चिम कडेच्या ओळींत हा अधिक दिसतो.

४. औषध फवारल्यानंतर दोन-चार दिवसांत, थेंब जेथे साचला तेथेच, केळ्याच्या खालच्या टोकाशी काळे ठिपके आले, तर ती फवाऱ्याची भाजणी होय.

५. केळ्यावर बारीक बारीक, टाचणीच्या टोकाएवढे काळसर ठिपके असतील आणि हात फिरवल्यावर ते खरखरीत, पुरळासारखे लागत असतील, तर ते फुलातल्या फुलकिडीचे काम. मादी कोवळ्या सालीत अंडी घालते, त्या टोचणीची ही खूण. प्रादुर्भाव भारी असेल तर सालीवर करड्या रंगाची, बुचासारखी खपली धरते.

६. दोन केळी जेथे एकमेकांना चिकटलेली असतात, त्या आतल्या फटीत तांबूस, गंजल्यासारखा पट्टा असेल, तर ती गंज पाडणारी फुलकिडी. सुरुवातीला ही जागा ओलसर, धुरकट दिसते, पुढे तांबडी होते. फारच वाढली तर साल तडकते.

याखेरीज आसाम, बंगाल, बिहार या भागांत पावसाळ्यात एक लहानसा भुंगेरा कोवळी पाने व कोवळ्या केळ्यांची साल कुरतडतो आणि त्याचे वेडेवाकडे व्रण घडावर राहतात. त्या राज्यांत डागाचे मोठे कारण तेच आहे. आपल्या खानदेशात आणि मराठवाड्यात पाहायची ती मुख्यतः फुलकिडीच.

ही कीड राहते कोठे?

फुलकिडा हा अगदी लहान जीव. लांबी सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे तिळाच्या निम्म्याएवढादेखील नाही. अंग निमुळते, पंख झालरीसारखे. तो पान किंवा साल खरवडतो आणि आलेला रस शोषतो. उघड्यावर बसणे त्याला आवडत नाही. त्याला अरुंद, ओलसर, अंधारी फट हवी. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सगळे आपोआप उमगते.

आता केळीवर अशा फटी कोठे असतात? पहिली जागा म्हणजे केळफूल. झाड निसवू लागले, गाभ्यातून केळफुलाचे टोक वर दिसू लागले की फुलातली फुलकिडी तेथे पोचतेच. त्या वेळी केळफुलाच्या तांबड्या पाकळ्या घट्ट मिटलेल्या असतात, पण पाकळीच्या कडेने हा जीव आत शिरतो. आत कोवळी फणी, मऊ साल, फुलांचा मध, आणि वर पाकळीचे छप्पर. त्याला आणखी काय हवे? पाकळी उचलून फणी बाहेर यायच्या आतच सालीवर टोचणी होऊन गेलेली असते. फणी उघडी पडल्यावर साल टणक होत जाते आणि ही किडी पुढच्या पाकळीखाली, मग त्याच्या पुढच्या, अशी केळफुलाबरोबर खाली सरकत जाते.

दुसरी जागा म्हणजे दोन केळ्यांमधली आणि दोन फण्यांमधली फट. तेथे गंज पाडणारी जात राहते. ती खोडाच्या जुन्या सोपटांमागेही दडून असते, आणि तिचे एक वेगळेपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पिल्ले पुरेशी वाढली की ती घडावरून खाली पडतात, मातीच्या वरच्या थरात कोशावस्था काढतात आणि पंख फुटल्यावर पुन्हा वर येतात. उन्हाळ्यात हा फेरा साधारण महिनाभरात पुरा होतो, थंडीत बराच लांबतो. म्हणजे घड तीन-चार महिने झाडावर असताना या किडीच्या दोन-तीन पिढ्या त्याच घडावर होऊ शकतात.

याचा अर्थ असा की एका किडीची वेळ निसवणीच्या अगदी पहिल्या आठवड्यातली आहे आणि दुसरीची त्यानंतरच्या महिन्यांतली. एकच उपाय, एकाच दिवशी करून दोन्ही आटोपतील, अशी अपेक्षा धरू नये. आणि डाग एकदा पडला की तो केळ्याच्या जन्माला लागला. तयार घडावर कितीही महागडे औषध मारले तरी साल कोरी होत नाही. डाग दिसल्यावर फवारणे म्हणजे वरातीमागून घोडे.

बाग निसवू लागली की काय करावे?

मृगबागेची लागवड जून-जुलैची, कांदेबागेची पावसाळा सरल्यानंतरची. जी बाग जेव्हा निसवेल तेव्हा पुढची कामे क्रमाने करावीत.

*पहिले काम, फितीचे.* दर आठवड्याला एक रंग ठरवा. त्या आठवड्यात जेवढी झाडे निसवली तेवढ्यांना त्या रंगाची चिंधी किंवा फीत बांधा. पुढच्या आठवड्यात दुसरा रंग. वहीत रंग आणि तारीख लिहून ठेवा. घरातली शाळकरी मुले हे काम हौसेने करतात. याचा फायदा दुहेरी आहे. कोणत्या घडावर कोणते काम केव्हा करायचे ते रंगावरून कळते, आणि कापणीच्या वेळी घडाचे वय सांगायला व्यापाऱ्याची गरज राहत नाही.

*दुसरे काम, तपासणीचे.* आठवड्यातून एकदा बागेच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली मिळून वीस झाडे निवडा. नुकतीच उचललेली पाकळी पांढऱ्या कागदावर हलक्या हाताने झटका. पिवळसर किंवा काळपट बारीक जीव कागदावर पळताना दिसले तर ती फुलकिडी समजावी. दहा पट मोठे दाखवणारे भिंग मिळाले तर फारच छान. निळे चिकट सापळेही घडाच्या उंचीवर लावता येतात. मात्र सापळ्याने किडीची चाहूल लागते, पीक वाचत नाही, हे विसरू नये.

*तिसरे काम, पाकळ्या आणि फुलांचे अवशेष काढण्याचे.* पाकळी गळून कधी कधी दोन फण्यांमध्ये अडकून बसते. तिच्याखाली किडीला आसरा मिळतो आणि वाऱ्याने ती सालीवर घासतेही. ती हाताने काढून टाकावी. केळ्याच्या टोकाची वाळत चाललेली फुले सहज निघू लागली की तीही खुडावीत. नखे वाढलेली नसावीत. कोवळ्या सालीवर नखाचा ओरखडासुद्धा कापणीपर्यंत राहतो. ही फुले खुडण्याचे काम आमच्या भगिनी पुरुषांपेक्षा सफाईने करतात, असा बहुतेक बागांतला अनुभव आहे.

*चौथे काम, केळफूल मोडण्याचे.* घडाला ठेवायच्या तेवढ्या फण्या पूर्ण उमलल्या की खाली लोंबणारे केळफूल मोडून टाकावे. नाहीतर ते रोज एक पाकळी उघडत राहते आणि फुलकिडीला रोज नवे घर मिळते. मोडलेले केळफूल झाडाच्या बुडाशी टाकून देऊ नका. चांगले असेल तर भाजीला घ्या, उरलेले गोळा करून खड्ड्यात पुरा. मात्र ज्या केळफुलाला औषध टोचले किंवा ज्यावर फवारले ते चुलीकडे मुळीच नेऊ नये. ते जनावरांपुढेही टाकू नये. हे घरात सर्वांना, विशेषतः बागेत केळफूल मागायला येणाऱ्या शेजारणींना, आवर्जून सांगावे.

*पाचवे काम, झाडाच्या स्वच्छतेचे.* लोंबणारी वाळकी पाने, सुटलेली सोपटे आणि नको असलेली पिले काढा. कापून गेलेल्या झाडांचे खुंट आणि राखण नसलेल्या जुन्या खोडव्याच्या जागा म्हणजे गंज पाडणाऱ्या फुलकिडीची माहेरघरे. नव्या लागवडीला कंद आणायचेच असतील तर डागी बागेतून आणू नयेत, कारण ही कीड कंदाबरोबर गावोगाव फिरते. ऊतिसंवर्धित रोप या बाबतीत निर्धोक असते.

पिशवीचा उपयोग किती?

आता घडाला पिशवी घालण्याची रीत आपल्याकडेही रुळली आहे. न विणलेल्या पातळ कापडासारख्या पांढऱ्या पिशव्या मिळतात, भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्याही मिळतात. पिशवीमुळे पानाची घासणी थांबते, धूळ बसत नाही, पाखरांची व वटवाघळांची नखे लागत नाहीत, हिवाळ्यात थोडी ऊब मिळते आणि बाहेरून येणाऱ्या किडीला अडसर होतो.

पण पिशवी म्हणजे जादू नव्हे. फुलातली फुलकिडी पाकळी मिटलेली असतानाच आत गेलेली असते, हे आपण वर पाहिले. सगळ्या फण्या उमलल्यावर, पंधरा दिवसांनी पिशवी घातली, तर त्या किडीपुरते काम उशिरा झाले. उलट घडावर गंज पाडणारी किडी आधीच असेल आणि तशीच पिशवी बांधली, तर तिला वाऱ्या-पावसापासून, पाखरांपासून आणि आपल्या नजरेपासूनही आडोसा मिळतो. म्हणून पिशवी घालण्यापूर्वी घड साफ करावा, अडकलेल्या पाकळ्या काढाव्यात, फण्यांच्या फटी पाहाव्यात, आणि कीड असेल तर तिचा बंदोबस्त करूनच पिशवी घालावी. घातल्यावरही दर पंधरवड्याला पाच-दहा पिशव्या खालून वर करून आत डोकवावे.

पिशवी वरून दांड्याला नीट बांधावी, खालून मोकळी ठेवावी. पिशवी केळ्यांना चिकटून राहणार नाही इतकी ऐसपैस हवी. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी बिनभोकांची, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घातली तर आत केळी अक्षरशः उकडतात. कडेच्या ओळींत, जेथे थेट ऊन लागते, तेथे घडावर वाळलेले पान आडवे घालून मग पिशवी घालावी.

कापणीनंतर पिशव्या गोळा करून आणाव्यात. त्या बांधावर उडत राहिल्या तर पाटात अडकतात, गुरांच्या पोटात जातात. पाच पिशव्यांपायी दुभती गाय गमावणे परवडणारे नाही.

औषधाविषयी चार शब्द

फुलातल्या फुलकिडीसाठी केळफुलात औषध टोचण्याची पद्धत आहे. केळफूल गाभ्यातून बाहेर पडले आहे पण अजून उभे आहे, मान टाकलेली नाही, अशा एक-दोन दिवसांतच ते करायचे असते. सुई वरच्या, म्हणजे टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात टोचावी. खाली देठाकडे टोचली तर आतल्या कोवळ्या फण्यांना भोक पडते आणि किडीऐवजी आपणच डाग पाडतो. केळफूल एकदा खाली वळून पाकळ्या उघडू लागल्या की टोचण्याचा फायदा उरत नाही. या पद्धतीत औषध अगदी थोडे लागते, ते हवेत उडत नाही आणि मजुराच्या अंगावर येत नाही, ही तिची जमेची बाजू. मात्र एका बागेतली झाडे एका दिवशी निसवत नाहीत, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारावी लागते. ज्याला हे जमणार नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये.

कोणते औषध आणि किती, हे येथे मुद्दामच छापत नाही. औषधांच्या शिफारशी बदलतात. केळीवर वर्षानुवर्षे वापरलेले फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाले. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. तरी जुन्या वह्यांतून आणि जुन्या कात्रणांतून ती नावे अजून डोकावतात. तेव्हा टिपणे जपा, पण औषध घेताना त्या वर्षीची शिफारस विचारा. जळगावचे केळी संशोधन केंद्र, आपल्या जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र, राहुरी किंवा परभणीचे कृषी विद्यापीठ, यांपैकी जे जवळ असेल तेथे विचारावे. तिरुचिरापल्ली येथे १९९३ पासून केळीसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्यांच्या शिफारशीही या केंद्रांकडे येतात. दुकानदार जे देईल ते घेऊ नका. डब्यावर केळीचे नाव आहे का, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबून घड कापायचा, हे वाचून घ्या. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंगही पाहा. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य.

सौम्य उपायांत निंबोळी अर्क आणि व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी यांचा उपयोग होतो. पाच टक्के निंबोळी अर्क घरी करता येतो. निंबोळीची पाच किलो भरड रात्रभर पाण्यात भिजत घालावी, सकाळी फडक्यातून दोनदा गाळावी, थोडा साबणाचा चुरा मिसळावा आणि एकूण पाणी शंभर लिटर करावे. त्याच दिवशी, संध्याकाळी फवारावे. बुरशीचे औषध हवेत ओलावा असतानाच काम करते, चैत्र-वैशाखातल्या कोरड्या उन्हात ते वाया जाते. आणि कोणताही फवारा घडावर मारण्यापूर्वी पाच घडांवर मारून आठवडाभर थांबा. सालीवर डाग आला नाही तरच पुढे जा. पंपाचे तोंड बारीक तुषारांचे असावे. जोरदार धार कोवळ्या सालीला सोसत नाही.

फवारणी सकाळी मधमाश्या केळफुलांवर असताना करू नये. लेडी बर्ड भुंगेरे, क्रायसोपा आणि फुलकिडी खाणारे बारीक ढेकूण हे आपले बिनपगारी राखणदार आहेत. ऊठसूट जहाल औषध मारले की आधी हे मरतात आणि फुलकिडी मागून दुपटीने येते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. केळीचा घड डोक्याच्या वर असतो. तेथे फवारताना औषधाचे तुषार तोंडावर, मानेवर, डोळ्यांत येतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलो नसाल. उंच वाढलेल्या पिकात फवारणे हे तेव्हा धोक्याचे ठरले होते. केळीत तोच धोका आहे. वाऱ्याच्या दिशेने चाला, टोपी, चष्मा, तोंडाला फडके आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. उपाशीपोटी फवारू नका, तंबाखू मळू नका. मजुराला साधने देणे ही मालकाची जबाबदारी आहे. सालीवरचा डाग एका हंगामात विसरला जातो, घरातला माणूस गेला तर तो परत येत नाही.

खर्चाचा हिशोब

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे होऊ नये म्हणून खर्च करण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. एक उदाहरण करून पाहू. यातले भाव केवळ समजण्यासाठी धरले आहेत, तेथे तुम्ही आपल्या गावचे आकडे घाला.

पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ झाडे बसतात. त्यांतली १६०० कापणीला आली आणि घड सरासरी २० किलोचा धरला, तर ३२० क्विंटल माल झाला. मागच्या हंगामात चौथाई माल डागी निघाला होता असे समजा, म्हणजे ८० क्विंटल. डागी मालाला क्विंटलमागे ३०० रुपये कमी मिळाले असतील तर नुकसान २४,००० रुपयांचे. पिशवी आणि ती घालण्याची मजुरी मिळून घडामागे १२ रुपये धरले तर खर्च १९,२०० रुपये. वरवर पाहता ४,८०० रुपये सुटतात, पण पिशवीने सगळेच डाग टळणार नाहीत. म्हणजे जेमतेम बरोबरी.

आता डागी माल चौथाई नसून दहावा हिस्सा असेल, तर नुकसान ९,६०० रुपये आणि खर्च तोच १९,२००. येथे पिशवी घालणे आतबट्ट्याचे. पण पेटीचा माल घेणारा खरेदीदार ठरलेला असेल आणि तो सगळ्या स्वच्छ मालाला क्विंटलमागे ३०० रुपये जास्त देत असेल, तर ३२० क्विंटलांवर ९६,००० रुपयांचा प्रश्न आहे. तेथे पिशवी घालायलाच हवी.

म्हणून शेजाऱ्याने पिशव्या घातल्या म्हणून आपण घालू नयेत, आणि त्याने घातल्या नाहीत म्हणून आपण थांबूही नये. या हंगामात कापणी करताना शंभर घड मोजा. त्यांत डागी किती, आणि त्या डागांत पुरळाचे किती, गंजाचे किती, घासणीचे किती, चिकाचे किती, हे वहीत लिहा. एवढी एक नोंद पुढच्या वर्षी कोणत्या कामावर पैसा घालायचा ते सांगेल. पुष्कळ बागांत असे आढळेल की किडीपेक्षा पानाची घासणी आणि कापणीची हाताळणी यांनीच जास्त डाग पडतात. ते टाळायला पैसा लागत नाही, लक्ष लागते. घड जमिनीवर आपटू नये, केळीच्या पानांवर अलगद ठेवावा, एकावर एक रचू नये आणि चीक पुसायला ओले फडके जवळ असावे.

डागी मालाचे काय?

सगळी काळजी घेऊनही काही माल डागी निघणारच. तो चांगल्या मालात मिसळू नका. दहा डागी फण्या शंभर चांगल्यांचा भाव पाडतात. त्या बागेतच वेगळ्या काढा. साल सोलून ज्याचा उपयोग होतो तेथे डागाला किंमत नाही. खानदेशात कच्च्या केळीचे वेफर्स करणारे उद्योग गावोगाव आहेत. तिकडे वसईच्या पट्ट्यात राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करतात आणि ती चांगल्या भावाने विकली जातात. प्रत्येक जातीची सुकेळी होत नाही, पण वाट कोणती ती यातून दिसते. बचत गटातल्या भगिनींनी कच्च्या केळीचे वेफर्स, पीठ, घरगुती चिवडा यांकडे पाहावे. डागी माल स्वस्तात मिळतो, तोच त्यांचा कच्चा माल होऊ शकतो.

शेजारपाजारच्या लहान बाजारांत, शाळांपुढे, आठवडी बाजारात गिऱ्हाइकाला केळे सोलून दाखवायलाही लाजू नका. पेटीच्या बाजारात डाग लपत नाही, पण गावच्या बाजारात गोडी अजून विकली जाते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, थोडक्यात एवढेच ध्यानात ठेवा. डाग ओळखल्याशिवाय औषध नको. फुलकिडीवरचा उपाय केळफूल उभे असतानाचा, कापणीच्या तोंडचा नव्हे. पिशवी साफ घडावरच. आणि प्रत्येक खर्च आपल्या वहीतल्या आकड्यांवर तोलून. ज्यांची बाग आता निसवू लागली आहे त्यांनी उद्या सकाळीच रंगीत चिंध्या घेऊन एक फेरी मारावी.

पुढील आठवड्यात पिले किती ठेवावीत, कोणती ठेवावीत आणि कोणती काढावीत, याविषयी पाहू.